कॅलेंडर भरलेलं, वही रिकामी: सुट्टीचं घर भाड्याने देताना या चुका टाळा

पहिल्या वर्षी घराचं कॅलेंडर उघडलं की मलाच भारी वाटायचं. महिन्यातल्या वीस-वीस रात्री भरलेल्या, मध्ये एखादीच चौकट मोकळी. वर्षअखेरीला वही घेऊन बसले, तेव्हा दिसलं की ज्या महिन्यात जेमतेम बारा रात्री गेल्या होत्या, त्या महिन्यात हातात जास्त उरलं होतं. वीस रात्री भरायच्या म्हणून मी दर पाव हिश्शाने उतरवला होता आणि त्या महिन्यात चौदा बुकिंग झाली होती. बारा रात्रींच्या महिन्यात फक्त तीन.

खरे आकडे बाजूला ठेवू. रात्रीचं भाडं १०० धरा, चलन कुठलंही. एअरबीएनबीसारख्या बुकिंगच्या प्लॅटफॉर्मचं कमिशन १५ टक्के, एका वेळची साफसफाई आणि धुलाई मिळून ३०, आणि वीज, पाणी, साबण वगैरे रात्रीला १०. आता ७५ च्या दराने वीस रात्री: जमा १५००, कमिशन २२५, चौदा वेळची साफसफाई ४२०, वीज-पाणी २००. उरले ६५५. आणि १०० च्या दराने बारा रात्री: जमा १२००, कमिशन १८०, तीन वेळची साफसफाई ९०, वीज-पाणी १२०. उरले ८१०. शिवाय आणखी आठ रात्री घर बंद होतं, गादी-गीझर कमी झिजले, मीही कमी पळाले, ते वेगळंच.

या धंद्यात पैसा गळतो तो पाहुणा बदलताना. म्हणून ‘किती रात्री गेल्या’ याच्या शेजारी ‘किती वेळा चादरी बदलल्या’ हाही रकाना आखा.

एका रात्रीच्या बुकिंगला सरसकट होकार किंवा सरसकट नकार

वरच्याच आकड्यांत एका रात्रीचा पाहुणा ४५ ठेवून जातो. तोच तीन रात्री राहिला तर १९५, म्हणजे रात्रीला ६५. तीन रात्रींवर १५ टक्के सूट दिलीत तरी रात्रीला ५२ उरतात. एवढं कळल्यावर बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘किमान तीन रात्री’ अशी अट वर्षभरासाठी लावून टाकतात. मग दोन रात्री शोधणाऱ्याला तुमचं घर दिसतच नाही, आणि दोन बुकिंगांच्या मध्ये अडकलेली एकटी रात्र कायमची वाया जाते.

अट तारखेप्रमाणे बदलायची असते. दोन-तीन महिने पुढच्या तारखांना तीन रात्री, जवळ येईल तशा दोन, आणि शेवटच्या आठवड्यात उरलेली फट जेवढी असेल तेवढी. फक्त शनिवारची रात्र मात्र आधीपासून एकटी विकू नका. ती गेली की शुक्रवारला गिऱ्हाईक मिळत नाही.

बुकिंग थांबलं की आधी दरालाच हात लावणं

बुकिंग येईना की पहिला हात दरावर जातो. त्याआधी बघा, लोक तुमचं पान उघडतायत का? बहुतेक प्लॅटफॉर्म हे आकडे मालकाला दाखवतात. पानच कमी उघडलं जात असेल तर दोष पहिल्या फोटोत, किमान रात्रींच्या अटीत, बंद ठेवलेल्या तारखांत किंवा शोधातल्या गाळणीत (फिल्टरमध्ये) असतो. माझ्या लिस्टिंगमध्ये पार्किंगची खूणच करायची राहिली होती. घरासमोर दोन गाड्यांची जागा आणि पार्किंग निवडून शोधणाऱ्यांच्या यादीत मी नाहीच!

लोक पान उघडतात आणि बुक न करता जातात, तर कारण आतल्या मजकुरात असतं. फोन घ्या, स्वतःच्या खात्यातून बाहेर पडा आणि पाहुणा म्हणून दोन रात्रींच्या तारखा टाका. शेवटची रक्कम बघा. रात्रीचा दर आकर्षक ठेवून साफसफाईचा आकार भरमसाट लावला असेल, तर दोन रात्रींना तो ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ होतो. हे सगळं तपासून झाल्यावर दर कमी करायचा तर करा.

फोटोंबद्दल एकच सांगते. रुंद लेन्सने खोली दुप्पट दाखवता येते, पण पाहुणा शेवटी खऱ्या खोलीतच येतो आणि ‘फोटोपेक्षा लहान’ असं लिहून चार तारे देतो. एअरबीएनबीवर सुपरहोस्ट, म्हणजे चांगल्या मालकाचा बिल्ला, मिळवायला सरासरी ४.८ लागते. म्हणजे पाच जणांपैकी चौघांनी पाच आणि एकाने चार दिले की तुम्ही काठावर. पाहुण्याच्या मते चार तारे म्हणजे ‘छान’; त्यानेच आपण काठावर येतो, हे त्याला कोण सांगणार? त्यापेक्षा जिना अरुंद आहे, सकाळी रस्त्याचा आवाज येतो, हे आधीच लिहा. ज्यांना चालत नाही ते येणार नाहीत, आणि तेच बरं.

स्वतःच्या घरात पाहुणा म्हणून न राहणं

मी दीड वर्ष राहिले नव्हते. मग एका रात्री मुद्दाम साडेदहाला, पाहुण्यांना पाठवते तोच मेसेज हातात घेऊन गेले. किल्लीची पेटी दाराच्या डाव्या बाजूला, मेसेजमध्ये लिहिल्याप्रमाणे. पण तिथे दिवा नाही. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फोनचा टॉर्च, आणि आकड्यांची चाकं फिरवायला तिसरा हात हवा! दोन पाहुण्यांनी रात्री फोन करून ‘पेटी उघडत नाही’ म्हटलं होतं आणि मी त्यांना आकडे पुन्हा सांगत बसले होते. आत गेले तर पलंगावरून दिव्याचं बटण हाताला येत नाही, फोन चार्ज करायचा प्लग कपाटामागे आणि न्हाणीघरात ओला टॉवेल टांगायला खुंटीच नाही. अंधार पडताच लागणारा एक दिवा, एक एक्स्टेंशन बोर्ड आणि चार खुंट्या एवढ्यात सगळं भागलं. त्यानंतर रात्रीचे फोन थांबले.

त्याच रात्री वासाचंही कोडं सुटलं. ‘बाथरूमला गटाराचा वास’ अशी तक्रार अधूनमधून यायची आणि मी साफसफाई करणाऱ्या ताईंना बोलायची. चूक त्यांची नव्हती. घर आठ-दहा दिवस बंद राहिलं की जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकतं. वास अडवून धरतं ते तेच पाणी. पाहुणे येण्याआधी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं. घर जास्त दिवस बंद राहणार असेल तर वरून चमचाभर तेल, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. फिनेल ओतून वास फक्त झाकला जातो.

बंद घरातल्या नळांचंही तसंच. पाइपात साचलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. आठवडाभर वापर नसेल तर खिडक्या उघडून सगळे नळ काही मिनिटं सोडायचे, तुषार अंगावर न घेता. गीझर गॅसचा असेल तर तो न्हाणीघराबाहेर हलवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. या वायूला वास नसतो, आणि खिडकी उघडी ठेवायची हे घरच्या माणसाला माहीत असतं, पाहुण्याला नसतं.

डबल बुकिंग

दोन प्लॅटफॉर्मवर घर टाकलं आणि कॅलेंडरची लिंक जोडली, की काळजी मिटली असं वाटतं. पण या लिंकने (तिला आयकॅल म्हणतात) दुसरीकडचं कॅलेंडर त्याच क्षणी बदलत नाही, मध्ये काही तास जातात. नेमक्या गर्दीच्या तारखांना त्या तासांतच दोघे जण तीच रात्र घेतात. मग एकाला नाही म्हणायचं, रद्द केल्याचा दंड भरायचा आणि सुपरहोस्टही जायचं, कारण तिथे रद्द करण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आत लागतं. दोन्हीकडे मनापासून धंदा करायचा असेल तर चॅनल मॅनेजर, म्हणजे सगळीकडची कॅलेंडरं लगेच जुळवणारं सॉफ्टवेअर, घ्या. नसेल तर गर्दीच्या तारखा एकाच ठिकाणी उघड्या ठेवा आणि दुसरीकडे हाताने बंद करा.

मोडतोड झाल्यावर पुरावा शोधत बसणं

साफसफाई झाल्यावर प्रत्येक खोलीचे फोटो काढून ग्रुपवर टाकायची सवय लावा: गादी, टीव्हीचा पडदा, ओटा, न्हाणीघराचा आरसा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि मेसेजवर तारीख-वेळ आपोआप पडते. एअरबीएनबीवर नुकसानीचा दावा पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांत करावा लागतो आणि तो अशा फोटोंवरच उभा राहतो. या कामाचे पैसे साफसफाई करणाऱ्यांना वेगळे द्या. फुकटात मागितलंत तर तिसऱ्या आठवड्यात फोटो बंद होतील.

पुराव्यासाठी म्हणून घरात कॅमेरा लावायचा मोह मात्र नको. ३० एप्रिल २०२४ पासून एअरबीएनबीने घराच्या आतल्या कॅमेऱ्यांना जगभर मनाई केली आहे, बंद करून ठेवलेल्यांनासुद्धा. दाराबाहेरचा चालतो, पण तो कुठे आहे हे लिस्टिंगमध्ये लिहावं लागतं.

कागद

साध्या गृहविम्यात पैसे देऊन राहणारे पाहुणे बहुतेकदा धरलेले नसतात. विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. इमारतीत घर असेल तर सोसायटीचे नियम आधी वाचा.

कर्ज काढून घर घेताना तर नियमांचा विचार सगळ्यात आधी करा, कारण ते बदलतात. लंडनमध्ये खास परवानगीशिवाय अख्खं घर वर्षाला ९० रात्रींपेक्षा जास्त असं देता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी नोंदणी लागते, मालक घरात हजर लागतो आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. बार्सिलोनाने २०२८ च्या अखेरीपर्यंत पर्यटकांना घरं देण्याचे सगळे परवाने संपवायचं ठरवलं आहे. हप्त्याचा हिशेब मांडताना एक ओळ अशीही लिहा: उद्या हे घर साध्या वर्षभराच्या भाडेकरूला द्यावं लागलं, तर हप्ता निघेल का? मी दुसरं घर बघायला गेले होते तेव्हा ही ओळ लिहिली. उत्तर ‘नाही’ आलं आणि मी बयाणा न देता परत आले.