गर्भारपणातल्या काळजीवर संशोधन करताय? या चुका टाळा

‘कमी तपासण्या झालेल्या स्त्रियांमध्ये मुदतपूर्व प्रसूतीचं प्रमाण जास्त आढळलं, म्हणून तपासण्या वाढवायला हव्यात.’ हे वाक्य मी कितीतरी प्रबंधांत वाचलं आहे. माझ्या पहिल्या पाहणीच्या मसुद्यातही ते होतं. वाचताना पटतं, पण बहुतेक वेळा हातातली आकडेवारी तसं काही सांगत नसते.

एक्सेलमधल्या दोन ओळी शेजारी ठेवून बघा. समजा, एक बाई २८व्या आठवड्यात बाळंत झाली, तपासण्या ३. दुसरी ४०व्या आठवड्यात, तपासण्या ८. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये किमान ८ भेटींची शिफारस केली: पहिली १२ आठवड्यांपर्यंत, मग २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४०व्या आठवड्यात. म्हणजे २८व्या आठवड्यापर्यंत पहिलीच्या तीनच भेटी व्हायच्या होत्या आणि तिन्ही झाल्या. तिने काहीच चुकवलं नव्हतं. बाळ लवकर आलं म्हणून तपासण्या कमी दिसतात. आपण मात्र परिणामालाच कारण ठरवून बसतो.

नुसत्या भेटी मोजू नका

प्रत्येकीच्या गरोदरपणाच्या आठवड्यांनुसार किती भेटी अपेक्षित होत्या ते आधी काढा आणि प्रत्यक्षातल्या भेटी त्याच्याशी ताडून पाहा. १९९४ मध्ये अमेरिकन संशोधक मिल्टन कोटेलचक यांनी मांडलेला निर्देशांक याच तत्त्वावर आहे. पहिली तपासणी कोणत्या महिन्यात झाली आणि अपेक्षित भेटींपैकी किती झाल्या, या दोन्ही गोष्टी त्यात धरल्या आहेत. त्यानेही दोष पूर्ण जात नाही. त्यामुळे तारखा हाताशी असतील तर दर आठवड्याला, अजून गरोदर असलेल्या स्त्रियांचीच आपसात तुलना करावी. काम वाढतं, पण निष्कर्षावर विसंबता येतं.

उलटा गोंधळही होतो. रक्तदाब वाढलेल्या, जुळी असलेल्या, आधीचं मूल गमावलेल्या स्त्रियांना डॉक्टर वारंवार बोलावतात. त्यांच्या भेटी १२-१५ होतात आणि त्रासही त्यांनाच जास्त होतो. मग तक्त्यात जास्त तपासण्याच धोक्याच्या वाटू लागतात. याउलट पहिल्याच महिन्यांत नाव नोंदवणाऱ्या स्त्रिया अनेकदा शिकलेल्या, हाताशी पैसा असलेल्या असतात. त्यांचं बाळ सुदृढ निघालं याचं सगळं श्रेय तपासणीला देता येत नाही.

मग भेटींची संख्या महत्त्वाची नाही का? आहे, पण ते कळायला वेगळ्या धाटणीचा अभ्यास लागतो. २००१ मध्ये अर्जेंटिना, क्यूबा, सौदी अरेबिया आणि थायलंडमधला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. कमी भेटींची पद्धत कुठे राबवायची हे दवाखान्यागणिक सोडत काढून ठरवलं होतं. मुख्य निकालांत फारसा फरक दिसला नाही आणि चार भेटींची पद्धत जगभर रुजली. त्याच आकडेवारीची पुढे नव्याने छाननी झाली तेव्हा कमी भेटींच्या गटात ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान पोटातच बाळ दगावण्याचा धोका जास्त असल्याचं दिसलं. चाराच्या आठ भेटी होण्यामागे हेही कारण होतं. एकूण सरासरीत फरक नाही म्हणून कुठल्याच आठवड्यात फरक नाही, असं कधीही गृहीत धरू नका.

आठवडे कशावरून मोजले, ते लिहा

शेवटच्या पाळीची तारीख अनेकींना नक्की आठवत नाही. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीत साधारण ५ ते ७ दिवस इकडेतिकडे होतात, शेवटच्या तिमाहीत हाच फरक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो. उशिरा नाव नोंदवणाऱ्यांची तारीख बहुधा याच उशिराच्या सोनोग्राफीवरून काढलेली असते. म्हणजे ज्या गटाबद्दल आपल्याला बोलायचं आहे, त्याचीच मोजणी सर्वांत कच्ची. ‘आठवडे’ या रकान्याशेजारी ‘कशावरून’ असा रकाना ठेवा.

फॉलिक ॲसिडसारख्या विषयात तर वेळच सगळं ठरवते. बाळाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी, गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, तोवर पुष्कळ जणींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रयोगात, आधीच्या बाळाची ही नळी नीट बंद न झाल्याचा दोष असलेल्या स्त्रियांना दिवस जाण्याआधीपासून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या आणि दोष पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. ‘गरोदरपणात गोळ्या घेतल्या का? हो / नाही’ या प्रश्नातून हे कधीच हाती लागणार नाही. कधी सुरू केल्या, ते विचारा.

कार्डावरच्या नोंदी डोळ्यांनी बघा

आकडे संगणकात चढवण्याआधी निदान पन्नास कार्डं स्वतः हातात घ्या. एका ठिकाणी मला सलग कार्डांवर रक्तदाब १२०/८० दिसला. सहा भेटींची शाई एक, अक्षर एक आणि अक्षरांचा कलही एकच. एका बैठकीत भरलेलं कार्ड होतं ते. तिथल्या नर्सशी बोलल्यावर कळलं की यंत्र कित्येक आठवडे बंद होतं आणि रकाना रिकामा ठेवायची मुभा नव्हती. दोष तिच्यावर ढकलून भागणार नाही. अशा नोंदी वेगळ्या काढा, किती काढल्या ते अहवालात लिहा, आणि ‘तपासणी झाली’ म्हणजे वजन, रक्तदाब, रक्त, लघवी यांपैकी खरंच काय झालं, ते स्वतंत्रपणे नोंदवा.

जुन्या उपचाराला ‘सुरक्षित’ म्हणण्याची घाई नको

डायइथाइलस्टिलबेस्ट्रॉल हे औषध गर्भपात टळावा म्हणून दिलं जाई. त्याचा काही उपयोग होत नसल्याचं शिकागोतल्या प्रयोगात १९५३ लाच दिसलं होतं. तरी ते चालूच राहिलं. १९७१ मध्ये, ज्यांच्या आयांनी ते घेतलं होतं अशा तरुण मुलींमध्ये योनीचा एक दुर्मीळ कर्करोग आढळला. बाळ जन्मलं की पाठपुरावा संपवणाऱ्या अभ्यासात हे दिसणं शक्यच नव्हतं.

ज्यांच्याकडे बाळ नाही, त्यांना वगळू नका

बहुतेक पाहण्या बाळंतिणींच्या यादीवरून होतात. गर्भपात झालेल्या आणि पोटातच बाळ गेलेल्या स्त्रिया त्या यादीत नसतात, म्हणजे सर्वांत गंभीर परिणामच मोजणीतून गळतात. यादी नाव नोंदणीपासून बनवा.

आणि प्रश्नावली ‘बाळ कसं आहे?’ने सुरू करू नका. माझी तशीच सुरू व्हायची. एका घरी मी तो प्रश्न विचारला आणि ती बाई बराच वेळ माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिली. आता आमचा पहिला प्रश्न असतो, ‘तुमच्या या गरोदरपणाबद्दल बोललेलं चालेल का?’ ती नको म्हणाली तर आम्ही तारीख तेवढी लिहितो आणि उठतो.