‘लेट अलोन’ वापरताना क्रम उलटा करा

‘लेट अलोन’ म्हणजे आपलं ‘सोडाच’ किंवा ‘तर दूरच’. अर्थ कळतो, पण वाक्य करताना हमखास गडबड होते, कारण इंग्रजीत क्रम उलटा असतो.

आधी वाक्य मराठीत म्हणा: ‘पळणं सोडाच, त्याला चालताही येत नाही.’ आता ‘सोडाच’च्या आधीची गोष्ट उचलून शेवटी न्या: ‘ही कान्ट वॉक, लेट अलोन रन.’ सोपी गोष्ट आधी, अवघड नंतर. तसंच ‘पुस्तक वाचणं सोडाच, उघडलंही नाही’ याचं ‘आय हॅवन्ट ओपन्ड द बुक, लेट अलोन रेड इट’ होतं. मला हा ‘सोडाच’चा आधार नियमांपेक्षा फार उपयोगी वाटतो.

एक सांभाळा: पहिला भाग सहसा नकारार्थी हवा. ‘नॉट’ नसेल तर निदान ‘हार्डली’ (जेमतेम) सारखा जवळजवळ नकारार्थी शब्द तरी.