सॉफ्टबॉल असो की बेसबॉल, स्विंग एकच! बॅटिंगमधल्या या चुका टाळा

"सर, बॉल कवा येते, समजूनच नाही राह्यलं."

बेसबॉलच्या सरावात सणसणीत मारणारी आमची एक पोरगी सॉफ्टबॉलच्या सामन्यात तीनदा बाद होऊन आली, तेव्हा हे बोलली. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोरापोरींना हे दोन्ही खेळ शिकवतो. लहान गावात दोन संघ कुठून आणणार? सॉफ्टबॉल खेळलेली पोरंच महिनाभरात बेसबॉलला उतरतात. मग मैदानाच्या कडेला उभा असलेला प्रत्येक जाणता सांगतो, "खेळ बदलला, आता स्विंग बदल." सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं.

शरीराचं काम दोन्ही खेळांत एकच आहे. शेतात पाखरं हाकलताना गोफण फिरवणारा माणूस आठवा. आधी पाय रोवले जातात, मग कंबर वळते, मग खांदा, मग हात आणि सगळ्यात शेवटी दगड सुटतो. बॅटही अशीच फिरली पाहिजे. बदलतं ते दोनच गोष्टींत: स्विंग कधी सुरू करायचा आणि चेंडू कोणत्या वाटेने येतो.

उशिरा सुरुवात

महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी खेळाडू, १३.११ मीटरवरून टाकते, बेसबॉलमध्ये हेच अंतर १८.४४ मीटर असतं. सॉफ्टबॉल हळू येतो असं पोरांना वाटतं. हिशेब करून बघा. पिचर चेंडू सोडते तेव्हा तिचं पाऊल मीटरभर तरी पुढे आलेलं असतं. ताशी ९५ किलोमीटरचा सॉफ्टबॉल आणि ताशी १४५ किलोमीटरचा बेसबॉल, दोन्ही प्लेटवर (फलंदाजाजवळच्या पाटीवर) पोचायला साधारण ०.४२ ते ०.४५ सेकंद घेतात. म्हणजे वेळ जवळपास सारखाच. पण बेसबॉलमध्ये हात डोक्याजवळून येतो आणि पिचर २५ सेंटिमीटर उंच उंचवट्यावर असतो. सॉफ्टबॉलमध्ये जमीन सपाट, हात पूर्ण गोल फिरतो आणि चेंडू कमरेजवळून सुटतो. डोळा सवयीने खांद्याजवळ शोधत राहतो, तोवर चेंडू अर्ध्या वाटेवर आलेला असतो.

२००४ साली जेनी फिंच या अमेरिकन सॉफ्टबॉल पिचरने एका प्रदर्शनी सामन्यात अल्बर्ट पुहोल्स आणि माइक पियाझा या बेसबॉलच्या नामांकित फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं होतं. त्यांच्या स्विंगमध्ये खोट नव्हती. त्यांचे डोळे दुसऱ्या अंतराला आणि दुसऱ्या हाताला सरावलेले होते. आमच्या पोरीचंही तेच झालं होतं, म्हणून तिला आठवडाभर बॅट फिरवूच दिली नाही. ती नुसती उभी राहायची. पिचरचा हात डोक्यावर गेला की वजन मागच्या पायावर घ्यायचं, हात खाली येऊ लागला की पुढचा पाय अलगद टेकायचा आणि चेंडू सुटताच तो कुठे येतोय ते ओरडायचं, "वर" किंवा "खाली". बेसबॉलला परतलं की हीच खूण बदलायची: पिचरने पाय उचलला की वजन मागे. पाऊल छोटंच ठेवा, जेमतेम एक वीत. लांब पाऊल टाकणाऱ्याचं वजन आधीच पुढे जातं, आणि मग हळू येणारा चेंज-अप आला की तो हवेत बॅट फिरवून मोकळा होतो.

कुऱ्हाडीसारखा वरून घाव

"सॉफ्टबॉलमध्ये खाली मार, बेस जवळ आहेत, ग्राउंडरवर (जमिनीवरून जाणाऱ्या चेंडूवर) पळता येतं." हे मी स्वतः कित्येक वर्षं शिकवलं, आणि त्याने चांगल्या पोरी बिघडल्या. बेस, म्हणजे पळताना गाठायचे टप्पे, जवळ आहेत हे खरं: दोन बेसमधलं अंतर सॉफ्टबॉलमध्ये १८.२९ मीटर आणि बेसबॉलमध्ये २७.४३. पण वरून खाली येणारी बॅट चेंडूची वाट एकाच बिंदूला छेदते. क्षणभर मागेपुढे झालं की चुकलाच. बॅट जितका वेळ चेंडूच्या रेषेत राहील, तितकी बसण्याची शक्यता जास्त. बेसबॉलमध्ये वेगवान चेंडू साधारण ५-६ अंशांनी उतरत येतो, म्हणून बॅट शेवटी किंचित वर चढावी लागते. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू बराच सपाट येतो, म्हणून चढ त्याहून कमी. फरक एवढाच. तोही हाताने करायचा नसतो, चेंडूच्या उंचीप्रमाणे कंबरेतून झुकून करायचा असतो.

राइज बॉलचं, म्हणजे वर चढतोय असं वाटणाऱ्या चेंडूचं, भय घेऊनच पोरी वरून मारायला शिकतात. तो चेंडू मधेच उडी घेत नाही. तो सोडतानाच वरच्या दिशेने जातो, आणि उलट्या फिरकीमुळे आपल्या अंदाजापेक्षा कमी खाली येतो. त्यावर उपाय बॅटमध्ये नाही, नजरेत आहे. कमरेच्या वर दिसू लागलेला राइज बॉल सोडून द्या, तो बहुतेक वेळा छातीच्याही वर जातो.

क्रिकेटचं येणं

आमच्याकडचं प्रत्येक पोट्टं आधी टेनिस बॉलचं क्रिकेट खेळून येतं. त्यामुळे बॅट शरीरापुढे लटकलेली असते, पुढचा पाय चेंडूकडे फेकला जातो, आणि जोराचा चेंडू दिसला की तोच पाय लेग साइडला पळतो. पाय पळाला की कंबर उघडते आणि बाहेरच्या कडेचा चेंडू हाताला लागतच नाही. जमिनीवर पिचरकडे जाणारी फक्कीची एक रेघ मारा आणि प्रत्येक स्विंगनंतर पाऊल तिला धरून पडलं का ते बघायला लावा. शिक्षकाने ओरडण्यापेक्षा रेघ चांगली शिकवते.

दुसरी खोड लांब हातांची. बॅट छातीपासून दूर जाऊन मोठा गोल घेते, आणि वेळ आधीच कमी असतो. कुंपणाच्या जाळीसमोर बॅटभर अंतरावर उभं राहून सावकाश स्विंग करा. जाळीला बॅट घासली तर हात लांब गेले. टी (चेंडू ठेवून मारायचा खांब) नसेल तर बांबूच्या तुकड्यावर सायकलची जुनी ट्यूब बसवा, चेंडू छान टिकतो.

बॅटचं थोडक्यात सांगतो. सॉफ्टबॉलची बॅट जास्तीत जास्त ८६ सेंटिमीटर लांब आणि साधारण ५.७ सेंटिमीटर जाड असते, बेसबॉलची त्याहून जाड. एका खेळाची बॅट दुसऱ्यात चालवू नका, विशेषतः सॉफ्टबॉलच्या पोकळ बॅटने बेसबॉलचा कडक चेंडू मारू नका, तिला पोचे पडतात. आणि मोठ्या भावाची जड बॅट लहान पोराला देऊ नका. जडपणाने स्विंग ढिला होतो, मग आपण पोराच्या हातात खोट शोधत बसतो.

एक गोष्ट मला मनापासून खुपते. डावखुरी पोरगी दिसली की तिला फक्त स्लॅप शिकवायचा, पळत पळत चेंडूला टोला द्यायचा आणि बेस गाठायचा. स्लॅप हे चांगलं हत्यार आहे (चेंडू लागताना पाय बॅटिंगच्या चौकटीबाहेर टेकला तर बाद, हे मात्र पक्कं सांगा). पण पोरींच्या अंगात जोर नसतो असं धरून पूर्ण स्विंग शिकवायचाच नाही, हा त्यांच्यावर अन्याय आहे. आधी पूर्ण स्विंग, मग स्लॅप.

सॉफ्टबॉलहून बेसबॉलला जाताना आम्ही पहिले तीन दिवस फक्त बघतो, पुढचे दोन दिवस टी आणि बाजूने हळू टाकलेले चेंडू, आणि त्यानंतरच खरा पिचर. उन्हाळ्यात हे सकाळी सहाला सुरू करा, नऊच्या आत आटपा. उशीर झाला की काळ्या मातीची धग आणि समोरचं ऊन, चेंडू दिसेनासा होतो, आणि पोरं पुन्हा अंदाजाने बॅट फिरवू लागतात.