चिनी भाषक विद्यार्थ्यांना ‘ओपन’ हा इंग्रजी शब्द कसा शिकवावा

चिनी भाषक विद्यार्थी ‘ओपन द लाइट’ म्हणाला, तर ती चूक लगेच खोडू नये. त्यामागचे ‘खाय’ हे चिनी क्रियापद आधी ओळखावे. दार उघडणे, दिवा लावणे, गाडी चालवणे, बैठक घेणे, कंपनी सुरू करणे, इतकेच काय, फूल उमलणे, या सर्वांसाठी मँडरिनमध्ये हेच क्रियापद चालते, आणि त्याच्या पारंपरिक अक्षरात दाराचे चिन्ह स्पष्ट दिसते. मराठी शिक्षकाने याला हसू नये, कारण आपण एकाच ‘लावणे’ने दार बंद करतो आणि दिवा पेटवतो.

विद्यार्थ्याला ‘खाय’ची चार-पाच वाक्ये लिहायला सांगून प्रत्येकासमोर ओपन, टर्न ऑन, ड्राइव्ह, होल्ड यांपैकी योग्य क्रियापद लिहून घ्यावे. मात्र यादी पाठ करून भागत नाही, म्हणून त्याला एक प्रश्न द्यावा: या क्रियेने मिटलेली किंवा झाकलेली वस्तू मोकळी होते का? दार, पाकीट, पुस्तक, डोळे यांना ‘ओपन’ चालते; पंख्याला आणि दिव्याला नाही. लॅपटॉप ‘ओपन’ करणे म्हणजे त्याचे झाकण उचलणे, तर तो सुरू करणे म्हणजे ‘टर्न ऑन’. संगणकावरची फाइल किंवा अ‍ॅप मात्र ‘ओपन’च करतात. गंमत म्हणजे विजेच्या परिभाषेत स्विच ‘ओपन’ असला, की दिवा बंद असतो!

‘क्लोज द लाइट’चेही असेच आहे, तेथे ‘टर्न ऑफ’ हवे.

सर्वाधिक वेळ ‘इज ओपन’ आणि ‘ओपन्ड’ यांतील फरकाला द्यावा. चिनी क्रियापदाचे रूप काळानुसार बदलत नाही आणि इंग्रजीत बंद दुकानाला ‘क्लोज्ड’ म्हणतात, त्यामुळे उघड्या दुकानाला ‘ओपन्ड’ म्हणावे असे विद्यार्थ्याला वाटणे स्वाभाविक आहे. दुकान नऊ वाजता उघडले ही घटना सांगताना ‘द शॉप ओपन्ड अ‍ॅट नाइन’ आणि ते आता उघडे आहे ही स्थिती सांगताना ‘द शॉप इज ओपन’, अशी जोडी फळ्यावर मांडावी. ‘दार उघडे आहे’ आणि ‘दिवा चालू आहे’ या दोन्ही वाक्यांत चिनी भाषक ‘खाय’च वापरतो, म्हणून पहिल्यासाठी ‘ओपन’ आणि दुसऱ्यासाठी ‘ऑन’ हे वर्गातल्याच दाराकडे व दिव्याकडे बोट दाखवून वदवून घ्यावे.