इन्शुरन्स चालू असताना 'विनाविमा' चलान आलं तर काय करायचं

मागच्या वर्षी ऐरोलीच्या सिग्नलला ट्रॅफिक पोलिसांनी मला थांबवलं, लायसन्स बघितलं, गाडीचा नंबर मशीनमध्ये टाकला आणि म्हणाले साहेब तुमचा इन्शुरन्स नाहीये. मी म्हटलं अहो आहे, चार महिन्यांपूर्वीच भरलाय, मोबाईलमध्ये पीडीएफ आहे. पण मागे हॉर्न वाजत होते, पाऊस होता, ते म्हणाले इथे एक्स्पायर्ड दाखवतंय, ऑनलाइन तक्रार टाका. घरी पोचेपर्यंत 2000 चा मेसेज आलेला.

पहिली गोष्ट, लगेच पैसे भरू नका. आपल्याला वाटतं जाऊ दे, डोक्याला ताप नको, पण भरलं म्हणजे तुम्ही गुन्हा मान्य करून तडजोड केली आणि मग रिफंडच्या मागे फिरणं फार अवघड. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 196 मध्ये पहिल्यांदा 2000 असले तरी पुढच्या वेळी 4000 आहेत, वर तीन महिन्यांपर्यंत कैदेची पण तरतूद आहे, म्हणजे न केलेला पहिला गुन्हा कशाला नावावर घ्यायचा.

मेसेजमधल्या लिंकवर क्लिक करू नका, खोट्या चलानच्या नावाने एपीके, म्हणजे मोबाईलमध्ये ॲप टाकणारी फाईल, पाठवून लोकांची खाती साफ केली जातायत. ब्राउझरमध्ये स्वतः टाईप करा: महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन, किंवा महाट्रॅफिक ॲप. गाडी नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान दिसतं. फोटो असेल तर नीट बघा. गाडीच तुमची नसेल, म्हणजे रंग वेगळा, मॉडेल वेगळं, तर कोणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय, ते प्रकरण वेगळं, त्यासाठी सरळ पोलीस स्टेशनला तक्रार द्या.

आता प्रामाणिकपणे पॉलिसी उघडा आणि चलानची तारीख आणि वेळ पॉलिसीच्या तारीख-वेळेशी लावून बघा. हो, वेळ पण, कारण पॉलिसीवर अमुक तारखेच्या इतक्या वाजल्यापासून असं छापलेलं असतं. दुपारी पकडल्यावर संध्याकाळी पॉलिसी काढली तर ती या चलानला चालत नाही. आणि पॉलिसी संपल्यावर 90 दिवस मिळतात असं जे सगळे सांगतात ना, ते फक्त नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची प्रीमियममधली सूट, टिकवण्यासाठी आहे, त्या दिवसांत गाडीला कव्हर नसतं. असं असेल तर भांडू नका, चलान बरोबर आहे.

पण पॉलिसी खरंच चालू असेल तर गडबड डेटामध्ये आहे. पोलिसांना 'वाहन' या सरकारी डेटाबेसमध्ये इन्शुरन्स कंपनीने जे चढवलंय तेच दिसतं, तुमची पीडीएफ नाही. माझ्या बघण्यात तीन प्रकार आलेत.

एक, नवीन गाडी. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) एकदमच काढावा लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. तो संपला की लोक घाबरतात, कधी तीच तारीख रेकॉर्डला लागते. कायद्याने सक्तीचा फक्त थर्ड पार्टी आहे, तो चालू असेल तर हे कलम लागतच नाही. पॉलिसीवर दोन तारखा असतात, थर्ड पार्टीवालीला गोल करा.

दोन, पॉलिसी शोरूममध्ये निघाली तेव्हा गाडीला नंबरच मिळाला नव्हता, तिथे 'न्यू' छापलंय आणि नंतर कोणी अपडेट केलं नाही.

तीन, टायपिंगची चूक, माझी हीच. आरसी आणि पॉलिसी शेजारी ठेवून बायको एकेक अक्षर वाचत होती, मी टिक करत होतो, चेसिस नंबरमध्ये बाराव्या जागी आरसीवर शून्य आणि पॉलिसीवर इंग्रजी ओ. चेसिस नंबर 17 अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती 1 आणि 0 सारखी दिसतात. म्हणजे पॉलिसीवर ओ दिसला की चूक कोणाची ते विचारायलाच नको.

मग दोन कामं एकाच दिवशी सुरू करा. त्याच साइटवर किंवा ॲपवर चलानवर ग्रीव्हन्स, म्हणजे तक्रार, टाका, त्यात रडगाणं नको, चार ओळी पुरतात. मी लिहिलं होतं: 'चलानच्या दिवशी व वेळी वाहनाचा थर्ड पार्टी विमा चालू होता. पॉलिसी नंबर अमुक, मुदत अमुक ते अमुक. प्रीमियम चलानच्या चार महिने आधी भरला आहे. सोबत पॉलिसी, पावती व आरसी जोडली आहे. चलान रद्द करावे.' पावती जोडाच, त्यावरून पॉलिसी नंतर काढलेली नाही हे कळतं. तक्रारीचा स्क्रीनशॉट ठेवा.

दुसरं, इन्शुरन्स कंपनीला ईमेल, फोन नाही. चेसिस नंबर दुरुस्त करून एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या दुरुस्तीचा कागद, द्या, वाहनवर डेटा पुन्हा चढवा आणि पॉलिसी अमुक तारखेपासून चालू आहे असं लेटरहेडवर लिहून द्या. एजंट म्हणतो करतो करतो, तारखा जातात. माझ्या कंपनीने दोन आठवडे नुसतं टोलवलं, मग विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली, 155255 वर फोनने पण घेतात, आणि गंमत म्हणजे तीन दिवसांत एंडोर्समेंट आली.

ग्रीव्हन्स नाकारली किंवा हललीच नाही तर प्रिंट काढून ट्रॅफिकच्या ऑफिसला जा, ठाण्यात तीन हात नाक्याजवळ आहे, नवी मुंबईत चलान ज्या युनिटचं असेल तिथे. अर्जाची एक जादा कॉपी न्या आणि तिच्यावर पोच घ्या, शिक्का आणि तारीख. आवाज चढवू नका, समोरच्या माणसाने पॉलिसी टाईप केलेली नाही.

लोकअदालतीची नोटीस आली तर लोक खुश होतात, कमी पैशात सुटतं म्हणून. पण तिथे तडजोड होते आणि तिच्यावर अपील नाही. खरंच चूक असेल तर जरूर जा, पण विमा चालू होता तर माझ्या मते तिथे भरण्यापेक्षा कोर्टात मला हे मान्य नाही सांगून पॉलिसी, पावती आणि कंपनीचं पत्र दाखवलेलं बरं.

माझं चलान रद्द झालं, पण आठवड्याने एमपरिवहन हे सरकारी ॲप उघडलं तर तिथे अजून जुनीच तारीख. म्हणजे दुसऱ्या सिग्नलला पुन्हा तेच. कंपनीला परत मेल, तोपर्यंत एंडोर्समेंटची प्रिंट डॅशबोर्डमध्ये. डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधली कागदपत्रं पोलिसांना चालतात, पण तिथे पण डेटा तोच येतो हे लक्षात घ्या. आणि रिन्यू करताना नवीन पॉलिसीवरची 17 अक्षरं परत एकदा वाचा, कारण ते जुनी पॉलिसी समोर ठेवूनच टाईप करतात, माझ्या यंदाच्या ड्राफ्टमध्ये तो ओ परत आला होता.