जेडचं कडं घेताना रंग सगळ्यात शेवटी

मी खडे तपासते, विकत नाही. त्यामुळे माझ्यापुढे येणारी जेडची कडी बहुधा पैसे देऊन झालेली असतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "हे खरं आहे ना?" या प्रश्नाचं उत्तर 'हो' असलं तरी त्याने फारसं काही कळत नाही. अस्सल जेडाइट (जेड नावाने विकल्या जाणाऱ्या दोन खनिजांपैकी एक) आम्लात बुडवून, पोकळ झालेल्या जागांत राळ भरून केलेलं कडंही खरंच असतं, आणि काही वर्षांनी त्यातली राळ पिवळी पडायला लागते. आरपार तडा गेलेलं कडंही खरंच असतं. माणसं आधी रंगावर भाळतात, मग घासाघीस करतात आणि माप बघतात घरी गेल्यावर. मी नेमकी उलट्या बाजूने सुरुवात करायला सांगते.

म्हणून आधी माप. जेडचं कडं अखंड दगडातून कापलेलं असतं. ते वाकत नाही, फाकत नाही, नंतर वाढवूनही मिळत नाही. मनगट मोजून काही उपयोग नसतो, कारण कडं अडतं ते अंगठ्याच्या मुळाशी. अंगठा तळहातात दुमडा, बोटं जुळवा आणि पंजाच्या सर्वांत रुंद भागाभोवती शिवणाची टेप फिरवा. येईल त्या आकड्याला ३.१४ ने भागा. १८२ मिलिमीटर आले तर आतला व्यास साधारण ५८ मिलिमीटर हवा. हात मऊ असेल तर एखाद मिलिमीटर कमी चालतो, सांधे आखडलेले असतील तर नाही चालत. याहून भरवशाचा उपाय म्हणजे रोज घालता ती धातूची कडक बांगडी कॅलिपरने आतून मोजणं. फक्त जेडचं कडं रुंद असतं, म्हणून तेवढ्याच व्यासाचं असूनही ते चढताना जास्त घट्ट लागतं, हे धरून चाला.

आतून सपाट आणि बाहेरून फुगीर असलेलं कडं मनगटावर नीट बसतं. सगळीकडून गोल, जाड सळईसारखं कडं दिसतं देखणं, पण जड पडतं आणि टेबलाच्या कडेवर सारखं आपटतं. लंबगोल कड्याला दोन मापं असतात; विकणाऱ्याने एकच सांगितलं तर दुसरं मागून घ्या. घालून बघताना पलंगावर बसा, हाताखाली जाड टॉवेल ठेवा आणि हाताला साबणाचा फेस लावा. उभ्याने, फरशीवर, घाईत हा प्रयोग नको.

माप जमलं की तडे बघा. जेड चिवट दगड आहे. त्याचे कण आणि तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे घाव सोसण्यात नेफ्राइट, म्हणजे जेडचं दुसरं खनिज, हिऱ्यालाही मागे टाकतो. पण हा चिवटपणा तड्यापाशी संपतो. अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन मोबाइलचा टॉर्च कड्याच्या आतल्या बाजूला टेकवा आणि सावकाश पूर्ण फेरी घ्या. रेषा दिसतीलच, रेषा दिसली की घाबरायचं कारण नाही. दगड जमिनीत असतानाच चिरला आणि पुन्हा भरून आला तर त्याची शीर उरते. तिच्यातून उजेड पलीकडे जातो, वरून नख फिरवलं तर अडत नाही. तड्याचं तसं नसतं. उजेड त्या रेषेपाशी तुटतो, एक बाजू उजळ आणि दुसरी काळसर दिसते, आणि तडा पृष्ठभागापर्यंत आला असेल तर नखाला जाणवतो. त्यातही कड्याच्या गोलाईच्या दिशेने जाणारा बारीक तडा एक वेळ परवडला. आडवा, म्हणजे कड्याचे दोन तुकडे करू पाहणारा तडा असेल तर मी ते कडं हातातही धरून ठेवत नाही.

एकाच भागात पानाफुलांची नक्षी कोरलेली असेल तर पहिल्यांदा तिथे बघा. दोष आलेला दगड फेकून देण्यापेक्षा त्याच्यावर वेल कोरलेली बरी, हे कारागिराला चांगलं ठाऊक असतं. सोन्याच्या पट्ट्या आणि बिजागरीचंही तेच. काही वेळा ती हौस असते, काही वेळा तुटलेल्या कड्याची डागडुजी.

आवाजाची कसोटी पुष्कळांनी ऐकलेली असते: कडं दोऱ्याला टांगायचं आणि हलकेच टिचकी मारायची. निर्दोष जेड छान खणखणतो, तडकलेला किंवा राळ भरलेला बोदा वाजतो. बोदा आवाज आला तर जरूर शंका घ्या. खणखणीत आला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका, कारण काच आणि क्वार्ट्झाइट (क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीचा, खडक) हेही सुरेख वाजतात. 'हाताला गार लागतं', 'गुंडाळलेला केस जळत नाही', 'काचेवर ओरखडा उठतो' या परीक्षांनीही काही सिद्ध होत नाही. जवळजवळ कुठलाही दगड गार लागतो, केसातली उष्णता ओढून घेतो, आणि साधा क्वार्ट्झही काच ओरखडतो.

आता दगड कोणता, हा प्रश्न. जेड नावाखाली दोन वेगळी खनिजं विकली जातात, हे फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ दामूर यांनी १८६३ मध्ये दाखवून दिलं: जेडाइट आणि नेफ्राइट. म्यानमारच्या काचिन भागातला हिरवाकंच माल जेडाइट असतो. चीनमधल्या होतानचा दुधी पांढरा, ब्रिटिश कोलंबियाचा गडद हिरवा, न्यूझीलंडचा, हे सगळे नेफ्राइट. दोन्ही अस्सल जेड, किमतीत मात्र फार अंतर. शिवाय चिनी व्यापारात 'होतान' हे नाव कुठूनही आलेल्या नेफ्राइटला लावतात, तेव्हा त्या नावासाठी जादा पैसे मोजण्याआधी थांबा. बाकी, जेडच्या आधी कुठल्यातरी जागेचं नाव लागलं की माझ्या भुवया आपोआप वर जातात. मलेशिया जेड म्हणजे रंगवलेला क्वार्ट्झाइट, इंडियन जेड म्हणजे अव्हेंच्युरीन, ऑस्ट्रेलियन जेड म्हणजे क्रिसोप्रेज, ट्रान्सवाल जेड म्हणजे एका जातीचा गार्नेट. 'न्यू जेड' बहुधा सर्पेंटाइन असतो. यातले काही दगड स्वतःच्या नावाने विकले तरी गोडच आहेत. क्रिसोप्रेज तर मला फार आवडतो.

हे ओळखायला घरी करता येण्यासारखी एक परीक्षा खरोखर कामाची आहे, आणि तिने कड्याला काही होत नाही: घनता. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, पाण्याने भरलेलं रुंद भांडं आणि शिवणाचा दोरा एवढंच लागतं. कड्याला धातू जोडलेला नसावा. आधी कडं कोरडं वजन करा; समजा ५२ ग्रॅम भरलं. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. कडं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं धरा. तळाला टेकू नये, कडेला लागू नये. अंगाला बुडबुडे चिकटले असतील तर बोटाने पुसून काढा. आता काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी कड्याने बाजूला सारलं. कोरड्या वजनाला त्याने भागा. १५.६ आले तर उत्तर ३.३३, म्हणजे जेडाइटच्या ३.३४ च्या अगदी जवळ. १७.६ आले तर २.९५, नेफ्राइट. १९.६ आले तर २.६५, म्हणजे क्वार्ट्झच्या कुळातलं काहीतरी. सर्पेंटाइन साधारण २.६ च्या आसपास येतो. काच मात्र फसवते, कारण तिची घनता बनवणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे बदलते. तिच्यासाठी दहापट भिंगातून गोल बुडबुडे आणि वळणदार रेघोट्या शोधा.

घनता बरोबर आली की लोक सुटकेचा निःश्वास सोडतात, आणि नेमकं तिथेच फसतात. जेडाइटवर काय केलंय, हे काटा नीट सांगू शकत नाही. व्यापारात 'ए' म्हणजे वरून मेणाची झिलई, बाकी काही नाही. 'बी' म्हणजे आम्लाने डाग काढून आत राळ भरलेला. 'सी' म्हणजे रंगवलेला, आणि 'बी' व 'सी' एकत्रही असतात. ही अक्षरं दर्जाची नव्हेत. 'ए' असूनही कळकट, निस्तेज कडं असू शकतं, आणि 'बी' डोळे दिपवणारं. रंगवलेल्या मालात भिंगाखाली रंग कणांच्या फटींत, शिरांत साचलेला दिसतो. राळ भरलेल्या मालाच्या पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात. याची गल्लत साध्या खडबडीत झिलईशी होते: अस्सल जेडाइटवरही संत्र्याच्या सालीसारखे उथळ खळगे असतात, कारण त्याचे कण सारखे घासले जात नाहीत. खळगे सुटे सुटे असतील तर चिंता नको. भेगा एकमेकींना जोडल्या जाऊन जाळं झालं असेल तर चिंता करा. अतिनील टॉर्चखाली निळसर दुधी चमक दिसली तर राळेचा संशय बळावतो, पण चमक नाही म्हणून राळ नाही असं म्हणता येत नाही, आणि मेणही थोडंफार चमकतं. पक्कं उत्तर प्रयोगशाळेतल्या इन्फ्रारेड तपासणीतून मिळतं. महागाचं कडं असेल तर तो खर्च टाळू नका, आणि प्रमाणपत्र विकणाऱ्याने दिलं असेल तर त्यावरचं वजन आणि माप स्वतःच्या काट्याने, कॅलिपरने पडताळा. प्रमाणपत्र अस्सल आणि कडं दुसरंच, असं सर्रास होतं.

मग उरला रंग. तो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. पिवळट दिव्याखाली हिरवा रंग ऊबदार आणि भरीव वाटतो, जांभळ्याची छटा तर दिवा बदलला की हमखास बदलते. फोनवरून घेत असाल तर खिडकीत, टॉर्च न लावता काढलेला व्हिडिओ मागा, कडं पूर्ण फिरवून दाखवलेला. नुसत्या हिरव्या ठिपक्याच्या बाजूचा नको. एकसारखा रंग क्वचितच मिळतो आणि फार महाग असतो, त्यामुळे परवडणाऱ्या किमतीत तो मिळाला तर पुन्हा भिंग काढा. पांढऱ्यावर तरंगणारे हिरवे ढग मला स्वतःला एकरंगी कड्यापेक्षा बरे वाटतात. पावतीवर 'नैसर्गिक जेड' एवढंच नको. 'जेडाइट, ए प्रकार, राळ व रंग नाही', वजन, आतला व्यास आणि परतीची मुदत लिहून घ्या, आणि ती मुदत संपायच्या आत कडं तपासायला टाका.