हिरड्यांतून रक्त येतंय? आधी पॉकेट मोजून घ्या

ब्रश करताना रक्त दिसलं की बहुतेक जण नेमक्या त्याच जागी ब्रश फिरवणं सोडतात, आणि आजार तिथेच वाढतो. हिरडीच्या कडेचा मऊ थर रोज निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांतच घट्ट होतो. खालच्या पुढच्या दातांमागून जीभ फिरवून बघा. खरखरीत लागलं तर ते किटण. ते ब्रशने निघत नाही.

नुसती सूज असेल तर हिरडी पूर्ववत होते. दाताभोवतीचं हाड झिजलं तर सहसा भरून येत नाही. हा फरक आरशात कळत नाही, म्हणून दातांच्या डॉक्टरांना पॉकेट, म्हणजे हिरडी आणि दातामधली फट किती खोल आहे ते, मोजायला सांगा. खुणा केलेली बारीक, बोथट सळई हिरडी आणि दाताच्या फटीत अलगद सरकवतात, प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. 1 ते 3 मिलिमीटर ठीक. 4 पासून पुढे हाडाचा एक्स-रे बघावा लागतो. आकडे लिहून मागा, पुढे तेच कामी येतात. इंदूरमध्ये राहत असाल तर तिथल्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे हिरड्यांना हिंदीत 'मसूडे' म्हटलंत की पटकन कळेल.

स्केलिंगने, म्हणजे डॉक्टरांकडच्या सफाईने, किटण निघतं. पॉकेट खोल असेल तर जागा बधिर करून मुळंही साफ करतात. 'सफाईने दात हलतात' ही भीती घराघरांत आहे. खरं तर हाड आधीच गेलेलं असतं, किटणाने दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात. सूज उतरल्यावर फटी दिसतात, थंड पाणी काही दिवस झिणझिणतं. त्याला घाबरून पुढची खेप चुकवू नका. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मोजणी होते. तेव्हाही 6 मिलिमीटर आणि रक्त असेल तर हिरडी उघडून सफाई, म्हणजे फ्लॅप. त्यानंतर बहुधा दर तीन महिन्यांनी तपासणी.

घरी मऊ ब्रश हिरडीकडे 45 अंशांत तिरपा धरून जागच्या जागी हलवा, दोन मिनिटं. इंदूरच्या सराफ्यावरून, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातून, कितीही उशिरा परतलात तरी ब्रश करूनच झोपा. दोन दातांमधल्या फटींसाठी छोटा इंटरडेंटल ब्रश. क्लोरहेक्सिडीन 0.2 टक्के हे चूळ भरायचं औषध सांगितलं असेल तर 10 मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, पेस्टनंतर अर्ध्या तासाने; दोन आठवड्यांपलीकडे स्वतःहून नको, दातांवर तपकिरी डाग पडतात.

तंबाखू ओढणाऱ्यांना रक्त कमी दिसतं, आत हाड जातच असतं. मशेरी दातांना लावत असाल तर तीही बंद करा. मधुमेह असेल तर साखरेचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. पू किंवा हलणारा दात दिसला तर त्याच आठवड्यात दाखवा. गाल सुजून ताप आला तर त्याच दिवशी.